मागची लोकर

बाबांनी हा ओव्हन लिलावात घेतला, एकाहत्तर साली.
ऑल्टामाउंट रोडवरचं एक बिऱ्हाड परदेशी निघालं होतं.
हातगाडीवरून खारला आला. पावती नाही, माहितीपत्रक नाही,
फक्त एक जाळी, आणि आत
कुणाच्या तरी केकचा जळका कोपरा.
आईने तो दोन दिवस खरवडला
आणि तिसऱ्या दिवशी कोलंबीचं भानोलं लावलं.
तोवर भांड्यावर तवा, तव्यावर निखारे, डोळ्यांत धूर.
ते सगळं एका बटणात मावलं म्हणून
ती ओव्हनकडे जरा संशयानेच बघायची.

गवंड्याने चौदा इंची भिंत कोरली.
मागे उरली एक वीट.
विटेपलीकडे सबनीस.

आता तो माझा. म्हणजे कागदोपत्री काही नाही,
पण बिघडला की फोन मी करायचा.
चकतीवरचे आकडे आईच्या बोटांनी कधीच पुसले.
मी ट्रेवर चिमूटभर मैदा टाकते आणि मोजते.
शंभरात बदामी झाला तर भानोलं आत.
साठातच झाला तर दार उघडून उभी राहते,
साडीच्या पदराने वारा घालत, मूर्खासारखी.
डावा मागचा कोपरा तापट आहे. बाबांसारखा.

पाइपचा गॅस आला तेव्हा ज्योत खचली, मुंगीएवढी.
भायखळ्याहून एझ्राकाका चिंचोळकर आले,
कापडी पिशवीत पाने, पेचकस आणि चिक्की.
"सिलिंडरचा जेट बारीक असतो, बाय.
या गॅसला दार मोठं लागतं."
जेट बदलला. ज्योत निळी उभी राहिली.
चिक्की त्यांनी मला दिली, पैसे सावकाश मागितले.

या वर्षी मात्र पायलट पेटायचा,
बटण सोडलं की विझायचा.
"थर्मोकपल गेला," फोनवरच म्हणाले.
"ज्योतीत बसलेला तांब्याचा दाभण. त्याला ऊब लागली
तरच तो गॅस सोडतो. म्हातारा झाला की ऊब कळत नाही त्याला."
मग स्वतःच हसले, खोकले, पुन्हा हसले.
पार्ट कुठूनसा यायचा होता. तीन आठवडे.

अठराव्या दिवशी सबनीसबाई दारात.
हातात रिकामी वाटी, म्हणजे निमित्त.
"ओव्हन बंद आहे का हो तुमचा?"
"हो. का?"
"नाही, हे रविवारी त्या भिंतीला पाठ लावून बसतात.
मणक्यासाठी. बरीच वर्षं झाली."
"कधी बोलला नाहीत."
"काय बोलायचं? फुकटचं ते."
साखर नेली. खरंच लागत होती की नाही, देव जाणे.

एझ्राकाकांनी आतला मागचा पत्रा काढला,
टॉर्च तोंडात धरून आत डोकावले.
"लोकर पार झिजलीय. धोका नाही, वीट शाबूत आहे,
पण तुमचा गॅस शेजारी जळतोय, बाय. बिलात दिसत नाही?"
नवी काचलोकर त्यांनी आणलीच होती,
पिवळी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
मी म्हटलं, माळ्यावर ठेवा.
"अहो, पैसे दिलेत तुम्ही!"
"माळ्यावर."
चष्म्यावरून बघितलं त्यांनी. विचारलं नाही.

मग साबणाचा फेस प्रत्येक जोडाला.
तिसऱ्या जोडावर एक बुडबुडा
फुगत गेला, अगदी हळू.
पाना त्यांनी माझ्या हातात दिला.
"पाव वळण. जास्त नको, पितळ आहे.
यापुढे हे तुम्हीच करा. माझा हात हलतो आता."
वळवला. पुन्हा फेस लावला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो
काही होत नाही ते.

रविवारी मैदा शंभराला बदामी झाला.
भानोलं आत ठेवून मी ओट्याशी उभी,
बारा वाजता पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.

कोबी डाव्या कोपऱ्यात थोडा करपला.
तो तुकडा मी खाल्ला.