वहीबाहेर

वहीत मी लिहिलं:
बैठक संध्याकाळी सात वाजता.
स्थळ, पायऱ्यांच्या वरचं मैदान,
कारण दुसरी जागा नाही.
विषय एकच: दुसरी जागा बांधायची की नाही.

वालपरायसोच्या या टेकडीवर
सपाट म्हणावं असं एवढंच.
बाकी सगळं उतरतं. घरं, पायऱ्या, कुत्री.
हातून सुटलेला बटाटा बंदरापर्यंत जातो
अशी थाप इथे प्रत्येकाने मारलेली आहे.
याच तुकड्यावर वणव्याच्या रात्री
पाण्याचा टँकर उभा राहू शकला,
म्हणून खालच्या ओळीतली घरं आहेत
आणि वरच्या ओळीतली नाहीत.

निबाल्दो हे दर बैठकीत सांगतो.
त्याचं घर वरच्या ओळीत होतं.
"भिंती उभ्या केल्यात की टँकर कुठे लावाल?
छपरावर?"
कुणी हसलं नाही.
मी लिहिलं: श्री. निबाल्दो यांनी सुरक्षेचा मुद्दा मांडला.

यास्नाने नकाशा दाखवला, वाऱ्यात धरून, चौघांच्या बोटांनी.
एक सभागृह, दोन खोल्या, संडास, गॅसची शेगडी.
नगरपालिकेचे पैसे एकतीस तारखेपर्यंत,
मग ते शेजारच्या टेकडीला.
"शेजारच्या टेकडीला" हे तिने असं म्हटलं
की विरोधातले दोघे जागच्या जागी डळमळले.
रक्तदाब तपासायला, पोरांच्या अभ्यासाला, लग्नाला,
आणि मग माझ्याकडे न बघता:
"आणि मयताला."

गेल्या हिवाळ्यात आईची पेटी
जिन्याच्या वळणावर अडली.
चौघांनी ती उभी केली, कपाट करतात तशी.
आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला.
हे वहीत नाही.
वहीत आहे: श्रीमती यास्ना यांनी उपयुक्ततेची माहिती दिली.

पोरं गोलच्या खांबांपाशी बसलेली.
माझा एलिसेओ चेंडू मांडीवर घेऊन,
आजारी कोंबडी धरावी तसा.
चौदा पूर्ण नाहीत, म्हणून त्यांना मत नाही.
त्यांचं मैदान एका बाजूला कलतं,
दुसऱ्या हाफमध्ये सगळे गोल समुद्राच्या दिशेनेच होतात,
पण त्यांना तेवढंच सपाट माहीत आहे.

मग भांडण नीट सुरू झालं.
म्हणजे सभागृह बाजूला राहिलं
आणि बावीस वर्षांपूर्वीचा पाण्याचा पाइप निघाला,
कुणी कुणाच्या भिंतीतून नेला तो.
एक मांजर निघालं. उसनी शिडी निघाली.
रेमिख्या आजी दोनदा म्हणाल्या,
"मला फक्त एक बाक हवा होता,"
आणि दोन्ही बाजूंनी त्यांना आपल्यात धरलं.

समुद्रावरून धुकं चढलं, त्यात दिवे गेले.
उद्या करू, कुणीतरी म्हणालं. उद्या एकतीस.
तेव्हा हात वर करून, आत्ताच.
मोजणार निबाल्दो, कारण तो विरोधात असला तरी
खोटं मोजणार नाही, हे यास्नाच म्हणाली.
मी बॅटरीचा कंदील उंच धरला, हात दिसावेत म्हणून.
"बांधायचं म्हणणारे?"
तो ओठ हलवत ओळीतून फिरला. सतरा.
माझा हात भरून आला होता.
कंदील मी गोलच्या खांबाला अडकवला.
"नको म्हणणारे?"
सोळा. त्यात त्याचा स्वतःचा, शेवटी मोजलेला.

"लिही," तो म्हणाला, "आम्ही हरलो."
धुक्यात त्याचा चेहरा दिसला नाही.
मी पेन शोधत राहिले,
पेन हातातच होतं.

वहीत आकड्याची जागा अजून रिकामी आहे,
सकाळी सह्या घ्यायच्या आहेत.

घरी उतरताना एलिसेओने विचारलं,
"त्यात तुझा हात होता?"
मी म्हणाले, कंदील होता.
पाच-सहा पायऱ्या तो गप्प,
चेंडू काखेतून या काखेत.
"पण वर होता ना."