पान उलटून

पान आधी उलटून बघायचं.
वरच्या अंगानं ते फारसं बोलत नाही,
पाहुण्यांसमोर बसल्यासारखं असतं.
जे काही असतं ते मागं,
शिरेच्या आडोशाला, देठाच्या बेचक्यात.

नॉरिचच्या या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी,
माझं भिंग खिळ्याला टांगलेलं.
तीस वर्षं हॉस्पिटलात रक्ताच्या काचपट्ट्या बघितल्या,
आता पुदिना बघते.
बोटाला नारिंगी पूड लागली तर तांबेरा:
मातीपर्यंत छाटायचा, दया करायची नाही.
बारीक जाळं, त्यात धुळीएवढं काही चालतंय, तर कोळी.
नुसतंच चिकट लागलं तर वर शोधायचं,
मावा कुठंतरी रस ओढत बसलेला असतो.

कढीपत्त्याचं कळायला मात्र दोन वर्षं गेली.
कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
नकाशात नद्या ठेवून कुणी देश पुसून टाकावा तसं.
लोह घातलं. कोंबडीखताच्या गोळ्या घातल्या.
मग एका सकाळी किटलीचं झाकण उघडलं
आणि आत चुन्याचा थर, पांढरा, खरखरीत.
मातीत लोह होतंच की.
नळाच्या पाण्यानं त्याच्या तोंडाला कुलूप घातलेलं.
तेव्हापासून मागच्या दारी बादली.
इथल्या पावसाला सगळे शिव्या देतात,
मी तो गाळून बाटल्यांत भरते.

परवा शेजारची डोरीन बेसिलची कुंडी घेऊन आली.
खालची पानं पिवळी. बुंधा मऊ.
मातीला डबक्याचा वास, वर चिलटं.
"पाणी किती घालतेस?"
"कपभर. रविवारी आणि बुधवारी."
खोटं बोलत नव्हती.
मी कुंडी ठेवून घेतली.

संध्याकाळी कुंपणावरून क्लाइव्ह, आवाज खाली:
"वाचेल ना ते?
मी तर रोज रात्री घालत होतो, ती झोपल्यावर.
तिला वाटतं, माझं कशाकडं लक्ष नसतं."
ऑगस्टपासून दोघं बोलत नाहीत, गल्लीला ठाऊक आहे.
कशावरून, ते त्यांनाही आठवत नसावं.

रोगाचं नाव मला कळलं होतं.
ते कुणाच्या कानावर घालायचं, हे भिंगात दिसत नाही.

मुळं धुतली. तपकिरी, गळणारी कापून टाकली.
एक फांदी पेल्यात ठेवली, माझ्यासाठी, अविश्वासानं.
उरलेलं कोरड्या मातीत लावलं,
आणि कुंडीला चिठ्ठी चिकटवली,
प्रयोगशाळेतल्या अक्षरात, तारखेसकट:
'पाणी एकानेच घालावे.
कोणी, ते आपसांत ठरवावे.'
कुंडी दोघांच्या पायरीवर ठेवून आले. बेल वाजवली नाही.

आज सकाळपासून भिंतीपलीकडून आवाज येतायत.
भांडतायत बहुतेक.
आधी तिचा, मग त्याचा, मग दोघांचा एकदम.
पेल्यातली फांदी अजून जशीच्या तशी.
चहाची वेळ टळून गेली,
पण किटली लावली की काही ऐकू येत नाही.