पाचशेला पासष्ट

मकरपुऱ्यात आमच्या लॅबमध्ये
दुखणं कुणाचंच नसतं.
गोळी असते. ती चिमट्यानं उचलायची,
वजन करायचं, कुटायची, विरघळवायची, गाळायची,
मशीनच्या नळीत सोडायची
आणि पडद्याकडे बघत बसायचं.
आधी पॅरासिटामॉल येतं, उंच, सरळ, एका दमात.
मग दोनेक मिनिटं रेघ नुसती चालत राहते,
आणि मग कॅफिन:
ठेंगणं टेकाड, पावागडच्या पायथ्याशी
कुणी रेतीचा ट्रक रिकामा करून गेल्यासारखं.
पाचशेला पासष्ट.
हर्षिदाबेन सही करतात. बॅच पास.

कुमुदआत्याला हे प्रमाण कुणी सांगितलं नव्हतं.
रावपुऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ती रात्रपाळीला,
डोक्यावर लोखंडी पट्टीचा हेडफोन
आणि उजव्या कानामागे घण.
गोळी पाण्याबरोबर घेतली तर, तिच्या मते,
अर्ध्या वाटेत बसकण मारते.
चहाबरोबर घेतली की निघते.
पण चहा कडक हवा. गार झालेला तर मुळीच नको.
जयंतीभाई कॅन्टीनमधून तीन मजले चढून आणायचे,
कपावर बशी उपडी घालून.
बाबा हसायचे: ताई, तुला चहाला निमित्त हवं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिला म्हटलं,
आत्या, तुझं बरोबर होतं.
फक्त एवढंच, की शंभरातल्या पाच-दहा जणांनाच
त्यानं जास्त बरं वाटतं.
– आणि बाकीचे?
– त्यांना नुसत्या गोळीनं जेवढं वाटेल तेवढंच.
ती जरा थांबली.
– म्हणजे त्यांना होल्डवर ठेवायचं.

दांडिया बाजारातून मी स्ट्रिप आणली, पैसे देऊन.
(लॅबमधली गोळी लॅबमध्येच मरते.)
तिला नीट समजावलं: यात दोन्ही आहे.
चहा आता वेगळा नको.
तिनं चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली,
काहीतरी हरवल्यासारखी पुन्हा वाचली.

रात्री पावणेदोनला तिच्या खोलीत दिवा.
पलंगावर ताठ बसलेली, केस मोकळे.
– डोकं?
– गेलं. जाताना झोप घेऊन गेलं.
– आत्या, चहा घेतलास?
– नऊ वाजता. गोळीला एकटीला कसं पाठवायचं?

मग ती नंबर सांगायला लागली.
तेव्हा चारच आकडे असायचे.
दोन आठ चार एक, खंडेराव मार्केटातला फुलवाला,
लग्नसराईत शिव्या द्यायचा.
एक नऊ शून्य सात, सूरसागराजवळचे दंतवैद्य दळवी.
तीन तीन पाच दोन, अलकापुरीतली एक बाई,
दर गुरुवारी नागपूरला ट्रंक कॉल लावायची
आणि लागला की काही बोलायचीच नाही.
पलीकडचा माणूसही नाही.
– तू ऐकायचीस?
– ऐकायचं नसतं. लाइन चालू आहे का, तेवढं बघायचं.
– मग?
– मग मी सांगायची, तीन मिनिटं झाली.

मी तिच्या पायाशी, गोधडीत.
तिला पाच-सहाशे नंबर पाठ होते, एकही अडखळला नाही.
साडेतीनला मी सहज विचारलं,
जयंतीभाईंचा?
ती स्ट्रिपच्या रिकाम्या फुगवट्यावर बोट दाबत राहिली,
आत, बाहेर, टक, टक.
– त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणाली,
आणि दिवा मला घालवायला लावला.

सकाळी आठ. टोपी, मोजे, ॲप्रन.
माझ्याच डोक्यात आता घण, डाव्या बाजूला.
पहिला सुळका येऊन गेला होता.
रेघ चालली होती, मुकाट.
हर्षिदाबेन खांद्यावरून वाकल्या:
शुं थयुं, माथुं दुखे छे?
मी म्हटलं, थांबा,
लाइन अजून चालू आहे.