दंत्य

तिसऱ्या मजल्यावर मी आणि वाटाण्याची गोठलेली पिशवी.
दहा मिनिटं गालाला, दहा मिनिटं ताटलीत.
कागदावर सगळं लिहून दिलंय:
चूळ जोरात भरू नये, स्ट्रॉने पिऊ नये,
रक्ताची गुठळी हीच मलमपट्टी, तिला जपावं.
म्हणजे आता चार दिवस
एका गुठळीची राखण.

डंडीत आज समुद्राकडून धुकं चढलंय,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच पुसलेला.
माझा खालचा ओठही तसाच,
इथपर्यंत आहे, पुढचं कळत नाही.

अक्कलदाढा. दोन्ही खालच्या, आडव्या.
डॉक्टर कॅलमने फोटोत दाखवल्या,
शेजारणीच्या अंगावर पाय टाकून झोपलेल्या.
सत्तेचाळिसाव्या वर्षी अक्कल काढून टाकली,
ऑफिसात सांगायला बरं वाक्य होतं.
तिथे मी दिवसाचे सात तास फोनवर
निळा डबा सोमवारी, तपकिरी पंधरवड्यातून एकदा,
असं अख्ख्या शहराला समजावते.
दातांच्या कण्या करायच्या, पगार घ्यायचा.

दुपारी खालची सेंगा आली, मसुराचं सूप घेऊन, गार केलेलं.
तिच्या आईने म्हणे एकविसाव्या वर्षी, लग्नाआधी,
सगळे दात काढून घेतले होते. चांगले, धडधाकट.
पुढे नवऱ्याला खर्च नको.
वडिलांनी आहेरात कवळी दिली.
"लग्नाच्या फोटोत काय हसलीय बघ,"
आणि मग बराच वेळ
ती वाटीकडे बघत बसली.
माझं तर तोंड बंदच.

गोळीने डोळा लागत होता तेव्हा फोन वाजला.
नाव न बघता उचलला.
मिरजेहून.
अकरा वर्षं मी त्याच्यावर दात धरून आहे.
बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान
त्याने मला न विचारता विकलं,
डोळ्याला लावायच्या भिंगासकट.
दरवेळी तो म्हणतो, "अगं, त्याचं असं झालं,"
आणि मी म्हणते, "काय झालं ते माहितेय मला."
आज कापसाचा बोळा होता.

"अगं, त्याचं असं झालं."
"हं."
तो थबकला. असं कधी झालं नव्हतं.
मग भीत भीत पुढे निघाला.
हात थरथरायला लागला होता म्हणे त्याचा, त्याआधीच वर्षभर.
स्क्रू धरता येईना.
बाबांच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकाकडून घड्याळ घ्यायचं,
आणि गुपचूप सांगलीला दुसऱ्याकडून करून आणायचं.
"तुला सांगितलं असतं तर तू पैसे पाठवले असतेस गं.
पैसे नको होते."
लोक परत न्यायला आलेच नाहीत अशी तेवीस घड्याळं
त्याच्याकडे आहेत अजून, बिस्किटांच्या डब्यात.
रविवारी बायकोकडून किल्ली देऊन घेतो.
"ऐकतेस ना?"
मी वाटीवर चमचा वाजवला.
"भांडी घासतेयस होय. घास, घास,"
आणि बोलत राहिला. एकतीस मिनिटं.

आई म्हणायला दात लागत नाहीत.
बाबांना ओठ पुरतात.
त थ द ध न, शाळेत शहाणेबाई सांगायच्या,
जीभ दातांच्या मागे लावून बघा गं.
मला हाक मारायची होती
ती दोन्ही अक्षरं नेमकी तिथली,
आणि जीभ अर्धी अजून कॅलमच्या खुर्चीतच.
निघालं ते नुसतं आ, आ.
"जांभई आली का? झोप, झोप,"
म्हणाला, आणि ठेवला.

रात्री कोमट पाण्यात मीठ.
तोंडात धरायचं, मान इकडे, मान तिकडे,
थुंकायचं नाही, आपलं आपण पडू द्यायचं.
बेसिनमध्ये गुलाबी.
नको नको म्हटलं तरी जीभ तिथेच जाते
जिथे आता काही नाही,
टाक्याचा एक सुटा दोरा तेवढा लागतो.

आरशासमोर म्हणून बघते.
थ.
थ बरा येतो.
द उद्या.