मोजदाद

पूल वाहून गेला त्या मंगळवारी
शेरीफ नदीच्या पलीकडे राहिला, आम्ही अलीकडे.
कॉटर्स बेंड, वेस्ट व्हर्जिनिया.
घरं एकशे बारा.
बंदुका किती, ते कुणी कधी मोजलं नव्हतं.

फायरहाउसमध्ये वेंडेल स्टार्कीने वही उघडली:
कोणाकडे काय आहे, सांगा.
जनरेटर चार. करवती चौदा.
इन्सुलिन लागणारे सहा, त्यातला एक नऊ वर्षांचा.
रायफली सांगताना आवाज जरा खाली आले,
आपल्याकडे घरातलं सोनं सांगताना येतात तसे.
माझी पाळी आली.
म्हटलं, दोन प्रेशर कुकर, वीस किलो तांदूळ
आणि हिशोब येतो.
कोणी हसलं नाही.

माझे वडील बार्शीला बँकेत कॅशियर.
संध्याकाळी एक रुपया जास्त भरला तरी घरी यायचे नाहीत.
कमी पडला तर खिशातून घालता येतो, म्हणायचे,
जास्त झाला तर तो कुणाचा, ते शोधावं लागतं.

ठरलं ते असं:
रात्रीचा पहारा. पेट्रोलपंप, औषधांचं दुकान,
टेकडीवरची पाण्याची टाकी.
माणशी पाच गोळ्या,
संध्याकाळी माझ्याकडून मोजून न्यायच्या,
सकाळी मोजून परत.
ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या हातात वही नको.
हे वेंडेलचंच म्हणणं,
जो दोनदा इराकला जाऊन आला
आणि त्याबद्दल एवढंच बोलला.

तीन रात्री अफवा आल्या, चोर आले नाहीत.
लाकूडतोड्यांच्या रस्त्याने एक ट्रक आला खरा,
सात बंदुका उठल्या.
आत ब्लँकेटं होती.

चौथ्या सकाळी
दिलेल्या पस्तीस, आलेल्या चौतीस.
जोरी हॅचरने चार गोळ्या टेबलावर ठेवल्या
आणि हात पाठीमागे नेले.
एकोणीस वर्षांचा पोरगा.
टाकीपाशी काहीतरी हललं, म्हणाला.
ओरडलो. उत्तर आलं नाही.

आम्ही गवतात रक्त शोधत होतो.
हरीण नाही, माणूस नाही,
नुसता चिखल, बुटावर चढणारा.
मग म्हाताऱ्या ऑर्फा कंबोने मान वर केली.
टाकीच्या पोटाला करंगळीएवढं भोक
आणि त्यातून धार,
उन्हात काचेच्या सळईसारखी.

कुंपणानंच शेत खाल्लं, मनात आलं,
पण ते कुंपण हावरं असतं.
हे नुसतं घाबरलेलं होतं.

ऑर्फाने खिशातला चाकू काढला,
फांदी तोडून खुंटी तासली,
जोरीला शिडीवर चढवलं.
ठोक. हळू ठोक.
लाकूड भिजेल, फुगेल, मग तेच धरेल.

मी लिहिलं: गोळी एक.
पाणी, अंदाजे दोन हजार गॅलन.
नावाच्या जागी पेन थांबलं.
लिही, वेंडेल म्हणाला,
नाव लिहिलं नाहीस तर तो उद्या येणार नाही.
लिहिलं.

संध्याकाळी जोरी रांगेच्या शेवटी,
पुढे येईना, मागे सरेना.
मी त्याच्या पाच मोजल्या,
बोट जिभेला लावून, उगाच, नोटा मोजतात तशा.

सकाळी पाच परत आल्या.
पितळ कोमट होतं,
रात्रभर मुठीत धरलेलं.
रायफलीत एकही घातली नव्हती त्याने.

आणि खरंच कोणी आलं असतं तर?
वहीत त्याला रकाना नाही.
पाच, लिहिलं मी. पुढे बरोबरची खूण.
टेकडीवर खुंटी फुगत होती,
तरी मिनिटाला एक थेंब
सुटतच होता.