साधे, संयुक्त, साधित

अहिरे मॅडमनी फळ्यावर तीन खाने पाडले
आणि खडू खाली ठेवून म्हणाल्या,
यांचं आपसात तसं काही नातं नाही,
पाण्यात विरघळत नाहीत, एवढंच.
नकारावरून लागलेलं आडनाव.

साध्यांत तेल, तूप, मेण.
मेणाशी माझा पेन अडला:
द्राक्षाच्या मण्यावरचा पांढुरका थर म्हणजे हेच.
मी आजवर त्याला फवारणी समजत होते.
पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये आई
घड देठानेच उचलते,
मण्याला बोट लागलं
की पेटी परदेशी जायची राहते.

संयुक्तांत फॉस्फोलिपिड: डोक्याला पाण्याची ओढ,
दोन्ही शेपट्या पाण्यावर रुसलेल्या.
संध्याकाळच्या एसटीत मी अशीच,
आडगाव नाक्यापर्यंत कॉलेजकडे तोंड,
ओझर सुटलं की घराकडे.

साधितांत कोलेस्टेरॉल. ते आमच्याकडे
बाबांच्या रिपोर्टातून आधीच येऊन बसलंय.
त्याच्यावाचून पेशीचा पडदा धड राहत नाही म्हणे;
बाबांना हे कळता कामा नये,
लगेच मिसळीवर जादा तर्री मागतील.

रात्री आईने नापास मालातला एक घड आणला,
माझ्यापुढे धरला, देठानेच.
आता कशाला गं, म्हटलं.
तिने स्वतःचाच हात बघितला, हसली.

मी एक मणी अंगठ्याने पुसला.
खालून काळाभोर निघाला.
अंगठा वहीवर दाबून
पान बल्बसमोर धरलं,
तेलाचा पडतो तसा डाग शोधत.
नुसता ठसा.
खा की, आई म्हणाली.