दोन पूर्णांक एक दशांश

फेब्रुवारीत नदी तांबूस होते.
दलदलीचं पाणी, गंजल्या खिळ्याच्या चवीचं,
दोन हात बर्फाखालून मुकाट ओबकडे सरकत राहतं.
वरून काहीच दिसत नाही. येफिम म्हणतो,
पहिली खबर पाणभुंगे देतात:
ते भोकाशी जमले की समजावं,
खाली हवा संपत आली.

माझ्याकडे मीटर आहे, पिवळ्या डब्यातला.
वायर पाण्यात सोडते, आकडा ठरेपर्यंत
हातमोज्यातली बोटं मोजत बसते.
दोन पूर्णांक एक दशांश.
वहीत लिहिते. शाई गोठते, म्हणून पेन्सिलीनं.

पहिल्या रात्री मी काँप्रेसर लावला,
नळी थेट तळाला सोडली,
जितकी खोल तितकी बरी, अशा हिशेबानं.
बुडबुडे आले, मागोमाग गाळ आला,
काळा, नासक्या अंड्यांच्या वासाचा.
पहाटे आकडा: एक पूर्णांक चार.
तीन पाइक भोकाच्या काठाशी
आ वासून उभे.
मी वहीत बघत राहिले.

येफिम रागावला नाही.
नळी हातभर वर ओढली, दोरीला गाठ मारली.
“झोपलेल्या गाळाला उठवू नये, अग्राफेना.” एवढंच.
मग फावडं घेऊन बर्फावरचं हिम ओढायला लागला,
खालची निळी काच उघडी पडेपर्यंत.
उजेड आत गेला
तर शेवाळही चार घास हवा रांधतं.

वळणापुढे एक झरा आहे, कधीच न गोठणारा.
इथले लोक त्याला झिवून म्हणतात, म्हणजे जिवंत.
सगळी नदी त्या ओंजळभर पाण्यात येऊन दाटते:
पर्च, रोच, बुळबुळीत नलीम, वीतभर पिल्लं,
खाणारे आणि खाल्ले जाणारे अंगाला अंग लावून,
भूक विसरलेले.
टोपली बुडवली की भरते.
येफिमनं बुडवली, एकदा.
घरात माणसं चार, कुत्री दोन.

गावातून आलेला स्नोमोबाइलवाला म्हणाला,
“मरायलाच टेकलीत, तर सगळीच काढ की.”
टोपली निथळत होती.
येफिम ती पूर्ण निथळेपर्यंत थांबला.
“टेकली नाहीत,” म्हणाला. “वाट बघतायत.”

भोकावर रात्रीतून साय धरते बर्फाची.
ती दर दोन तासांनी फोडणं माझ्याकडे.
चार वाजता: दोन पूर्णांक तीन.
सहा वाजता: दोन पूर्णांक तीन.
आठचा आकडा अजून ठरायचाय.
पेन्सिल बोथट झाली आहे,
सुरी येफिमकडे.